ओडील दार्दारची संथ ओढ

बायू ग्रोबेक या दलदलीतल्या संथ ओढ्याच्या काठावर राहणाऱ्या माणसांची वर्गवारी करायची झाल्यास ती दोन प्रकारांत करावी लागेल. ओडील दार्दारच्या ट्रॉलरने ज्यांना कधी ना कधी मागे टाकले ते एक, आणि ज्यांच्याकडे ट्रॉलरच नाही ते दुसरे. मी दुसऱ्या प्रकारात मोडतो. त्यामुळे तिच्याविषयी निःपक्षपातीपणे लिहिण्याचा अधिकार मला पोहोचतो, असे मी मानतो.

ओडील ही ओनेसिफोर व्हर्दँची थोरली मुलगी. आम्हां हूमा आदिवासी लोकांच्या मुलांना गावातली मोठी शाळा दारात उभे करत नसे, त्या काळी मिशनच्या एकखोली शाळेत ती माझ्या हाताखाली शिकली. भूगोलात तिला गती होती, शुद्धलेखनात नव्हती; आणि मधल्या सुटीनंतर ती वर्गात परत येईल याची हमी कुणालाही देता येत नसे, कारण शाळेच्या मागच्या धक्क्याला बोट लावून बाप तिची वाट पाहत असे. ओनेसिफोरचा सिद्धांत असा होता की कोळंबीला पळायला वेळ देऊ नये. जाळे ओढायचे तर इंजिनाला दम लागेपर्यंत ओढावे. "ढिल्या जाळ्यात पाणीच सापडतं" हे त्याचे वचन मुलीने जन्मभर पाळले. नवऱ्याच्या पश्चात ट्रॉलर तिच्या हाती आला, तेव्हा तिने त्याचे जुने नाव खरवडून काढले आणि 'ला प्रेसे' असे नवे रंगवले. आमच्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'घाईवाली'. धाकटा दीर क्लोव्हिस याने, बोटीचे नाव बदलणे अशुभ असते, अशी हरकत घेतली.

"बोटीचं कुठं बदललं?" ती म्हणाली. "मालकिणीचं लिहिलंय."

या घाईवाल्या बाईने आयुष्यात एकच काम सावकाश केले, आणि ते म्हणजे कालवांची बाग. आमच्या गावामागे सालीन खाडी आहे. तिला समुद्राकडे उघडणारे एकच खोल तोंड आहे, त्याला आम्ही तोर्तू मुख म्हणतो. या खाडीतली ओडीलची जुनी बाग एका वादळाने चिखलाखाली गाडली होती. त्यानंतर तिने बोटी भरभरून रिकामे शिंपले आणले आणि फावड्याफावड्याने तळावर पसरले. त्या शिंपल्यांवर कालवांचे नखाएवढे पिल्लू येऊन चिकटते, आणि बशीत वाढण्याजोगे व्हायला त्याला दोन-तीन वर्षे लागतात. तेल आले त्याच वर्षीच्या हिवाळ्यात बागेची पहिली काढणी व्हायची होती. कालव हा पळणारा जीव नव्हे. कोळंबीला वाईट पाणी लागले तर ती दुसरीकडे जाईल. कालव जिथे चिकटले तिथेच बसून, येईल ते पाणी पिते. म्हणून त्या उन्हाळ्यात ओडीलच्या डोक्यात एकच गोष्ट होती. तोर्तू मुखातून तेल आत येता कामा नये.

तेल कुठून आले ते सांगतो. किनाऱ्यापासून फार दूर, मैलभर खोल तळाशी एका कंपनीने खणलेली विहीर फुटली. विहीर खणणारा वरचा तरंगता तराफा पेटला, कलंडला आणि बुडाला. त्यावरची आमच्या बायूतली माणसे दोर धरून उतरली आणि सुखरूप घरी आली. परंतु तळाशी तुटलेल्या नळातून तेल वाहतच राहिले. आमच्याकडे एक भाऊ जाळ्यावर आणि दुसरा तराफ्यावर, अशी घरोघरची वाटणी आहे. त्यामुळे शिव्या द्यायच्या तर कुणाला, हा प्रश्न प्रत्येक जेवणाच्या टेबलावर अडला. मासेमारीला बंदी आली. जाळी शिवायच्या पडवीत कुणीतरी मोठा टीव्ही आणून टांगला. तळाशी सोडलेल्या यंत्राच्या दिव्यात तो तपकिरी लोट उसळताना त्यावर अष्टौप्रहर दिसे, आणि सारा गाव तो पाहत बसे.

"कुणीतरी चूल बारीक करा रे," क्लोव्हिस म्हणायचा. "कॉफी उतू चाललीय."

चूल बारीक करण्याचे प्रयत्न चालू होतेच. आधी एक प्रचंड लोखंडी टोप त्या नळावर उतरवला. तळाच्या थंडीत त्याच्या आत बर्फासारखे खडे साचले आणि तो तुंबला. मग नळाचे तुटके टोक कापून काढण्यात आले, आणि एका दुपारी झडपा असलेले नवे टोपण त्यावर बसवायला घेतले. त्या दुपारी पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. यंत्राचा हात अगदी मुंगीच्या गतीने टोपण सरकवत होता. टोपण बसले. एक झडप फिरली, लोट बारीक झाला. दुसरी फिरली, तो आणखी बारीक झाला. शेवटची फिरली आणि पडद्यावर नुसते निळे पाणी उरले. ज्यांनी एकमेकांशी वर्षानुवर्षे अबोला धरला होता, त्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या.

ओडील मात्र दारात उभी राहून झाडांच्या शेंड्यांकडे पाहत होती. वारा दक्षिणेचा होता.

"वहिनी, आत ये. मिटलं तोंड," क्लोव्हिस म्हणाला.

"मिटलं ते छानच झालं. पण आतापर्यंत जे ओकलंय ते कुठाय?"

जे ओकले होते ते समुद्रावर पसरले होते आणि वाऱ्याबरोबर आमच्याच दिशेने येत होते.

किनाऱ्याच्या रक्षणासाठी आमचेच ट्रॉलर भाड्याने घेण्यात आले, आणि आमच्या कप्तानांना शिकवायला अलास्काहून नोरीन काल्माकॉफ नावाची बाई आली. ठेंगणी, रुंद खांद्यांची, बोलण्यात काटकसरी. ती स्वतः मासेमारांच्या घरातली होती, आणि लहानपणी तिच्या गावच्या किनाऱ्यावरही एकदा तेल आले होते. शाळेच्या सभागृहात तिने फळ्यावर दोन बोटी काढल्या. त्यांच्यामध्ये तेल अडवायचा तरता बांध काढला, म्हणजे पाण्यावर तरंगणारी फुगीर नळी आणि तिच्या खाली लोंबणारी कापडी झालर. दोन बोटींनी त्याची दोन टोके धरून ओढायची. मधला भाग झोळीसारखा मागे फुगतो, झोळीत तेल साचते, आणि मागून येणारी पंपाची बोट ते शोषून घेते.

"म्हणजे जाळंच की," ओडील म्हणाली. "ओढायचं आणि भरायचं."

"जाळं नाही. जाळ्यातून पाणी निघून जातं. हे जोरात ओढलं तर तेल झालरीखालून बुडी मारून मागं निघतं. वेग अगदी कमी ठेवायचा."

"कमी म्हणजे?"

"म्हातारी माणसं चर्चमधून बाहेर पडतात, तेवढा."

"आमच्या म्हाताऱ्या चर्चमधून पळत सुटतात, बाई. घरी गम्बो चुलीवर असतो."

सभागृह हसले. नोरीन हसली नाही. "मग त्यांच्यातली जी गुडघ्यानं अधू असेल, तिच्या मागं चाला."

"त्या चालीनं आमच्याकडं फक्त प्रेतयात्रा निघते," ओडील म्हणाली, "आणि तिथंही मागचे लोक कुरकुरतात."

पहिल्याच फेरीत जे व्हायचे ते झाले. झूच्या, म्हणजे आमच्या फ्रेंचमध्ये अंड्यांच्या, बेटाजवळ तेलाचा एक पातळ पट्टा दिसला. या बेटावर पेलिकन पक्षी घरटी करतात. ओडील आणि क्लोव्हिस यांनी आपापल्या बोटींमध्ये बांध पसरला आणि 'ला प्रेसे' आपल्या नेहमीच्या चालीने निघाली. हात जन्मभर ज्या वेगावर बसलेला असतो, त्याच वेगावर तो आपसूक जाऊन बसतो. दोर ताणला गेला, इंजिन खोल आवाजात गाऊ लागले, आणि आपण कामाला लागलो आहोत अशी खात्री ओडीलच्या अंगाला पटली. जाळे ओढणारा कप्तान पुढे पाहतो, मागे पाहत नाही. मागचे जाळे पाण्याखाली असते, पाहण्यासारखे काही नसतेच. नोरीन लहान बोटीतून मागे ओरडत होती. इंजिनाच्या गाण्यात ते कुणाला ऐकू गेले नाही. बेटाला वळसा घालून ओडील परत फिरली, तेव्हा झोळी जवळपास रिकामी होती आणि बेटाच्या काठचे गवत गुडघाभर उंचीपर्यंत काळे झाले होते. कडेच्या दोन घरट्यांवरचे पक्षी तेलाने माखलेले पाय आपल्या अंड्यांवर ठेवत होते.

धक्क्यावर क्लोव्हिसने तोंड उघडलेच. "वहिनी, शर्यत जिंकलीस बरं का. तेलाच्याही पुढं पोचलीस."

तिने उलट उत्तर दिले नाही. ही घटना इतकी दुर्मिळ होती की क्लोव्हिसच घाबरला आणि तिच्यासाठी कॉफी आणायला धावला. कॉफी न घेता ती सरळ नोरीनपुढे जाऊन उभी राहिली.

"ते गवत माझ्यामुळं गेलं. आता मला हळू चालायला शिकव."

नोरीनने ते मनापासून शिकवले. पण इंजिनाला कोण शिकवणार? आमच्या ट्रॉलरांची इंजिने जड जाळी ओढण्यासाठी बांधलेली आहेत. गियर टाकला की सर्वांत मंद चालही या कामाला जास्तच ठरते. गियर काढला तर बांध दोन्ही बोटींना एकमेकींकडे खेचतो आणि झोळी मिटते. "आमच्याकडं बोटीमागं बादल्या बांधायचो," नोरीन म्हणाली. बादल्या बांधल्या. पहिल्याच हिसक्याला त्यांचे कान उपटून हातात आले.

आणि मग तो दिवस उजाडला. सकाळी पाहणीच्या विमानाने कळवले की तेलाची एक जाड जीभ थेट तोर्तू मुखाच्या रोखाने सरकते आहे. आमच्याकडे दिवसाला एकच भरती आणि एकच ओहोटी असते. त्या दिवशी पाणी सकाळपासून संध्याकाळपर्यंत चढणार होते, म्हणजे दिवसभर खाडीत शिरणार होते. मुखाच्या आतल्या उथळ भागात नांगरलेले तिरके बांध होते; ते पातळ तवंग अडवू शकले असते, जाड तेल नव्हे. खुद्द मुखात पाण्याला एवढी ओढ असते की तिथे कुठलाच बांध टिकत नाही. तेव्हा तेल मुखाच्या बाहेर, मोकळ्या संथ पाण्यातच गाठायला हवे होते. ट्रॉलरांच्या तीन जोड्या निघाल्या. रेडिओवर एका वेळी एकानेच बोलावे, ही शिस्त आमच्या कप्तानांना आजवर कुणी लावलेली नाही. ती लावण्यासाठी मला 'ला प्रेसे'वर नेमण्यात आले.

"मास्तर, हजेरी घ्या," ओडील सुकाणूवरून म्हणाली. "नि मधे बोलेल त्याला बाकावर उभं करा."

वास आधी आला. मग पाण्याचा रंग बदलला, आणि मग ते दिसले. काकवीसारखे दाट, तांबूस, लाटेला वाकू न देणारे. लाट त्याच्याखाली शिरायची आणि तिचे तोंड दाबल्यासारखे व्हायचे. मी आयुष्यभर नकाशे शिकवले, पण समुद्राचा एखादा भाग असा जमिनीसारखा झालेला कधी पाहिला नव्हता. ओडीलने छातीवर क्रूसाची खूण केली आणि गियर टाकला. आमच्या उजवीकडे क्लोव्हिसची 'सेंट जेरार' होती. दोन्ही बोटींमध्ये बांध मागे फुगत गेला आणि त्या जिभेचे टोक झोळीत शिरले.

झोळी भरू लागली. मागून नोरीनचा आवाज आला. "मागं डाग दिसतोय. हळू करा."

"याहून हळू इंजिनात नाही," क्लोव्हिस म्हणाला.

"डाग रुंद होतोय."

"मी गियर काढतो."

"काढू नकोस," ओडील म्हणाली. पण त्याने काढला होता. बांधाने दोन्ही बोटींना आत खेचले, झोळीचे तोंड मिटत आले, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी तेल खुशाल पुढे निघाले. त्याने पुन्हा गियर टाकला. बांध हिसक्यानिशी ताणला गेला आणि झालरीखालून मोठा काळा ढग मागे निसटला. आमच्या पाठीशी मुख होते, मुखामागे खाडी होती, आणि पाणी चढत होते.

ओडीलने मान वर केली. ट्रॉलरच्या दोन्ही बाजूंना जाळी ओढायचे लांब दांडे असतात. बंदीच्या काळात ते आकाशाकडे उभे करून बांधलेले होते. जाळी त्यांना लोंबत होती. ओडील क्षणभर तिकडे पाहत राहिली, आणि मग तिने माझ्या हातातला रेडिओ जवळजवळ हिसकावून घेतला.

"क्लोव्हिस, तुझा उजवा दांडा खाली घे. बाहेरच्या अंगाचा. जाळं सोड."

"वहिनी, डोकं फिरलंय का? मासेमारी बंद आहे."

"मासे कुणाला हवेत? लगाम हवाय. मी डावं सोडते, तू उजवं सोड. जाळी बोटींना बाहेर खेचतील, बांध आत खेचेल. तोंड उघडं राहील आणि चाल मोडेल."

मग नोरीन म्हणाली, "बादलीपेक्षा मोठं आहे. करून बघा."

"आणि ऐक," ओडील म्हणाली, "खोळीची गाठ सोडून टाक. नाहीतर वाटेतली सगळी कोळंबी फुकट मरेल."

इथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. जाळ्याच्या शेपटीला जी पिशवी असते, ती आमची खोळ. तिचे तोंड गाठ मारून बंद करायचे असते, आणि जाळे पाण्यात सोडण्यापूर्वी ती गाठ मारायला विसरणे हा बायू ग्रोबेकमधला सर्वांत मोठा नामुष्कीचा प्रकार. दिवसभर ओढायचे आणि मोकळी पिशवी वर काढायची. ज्याच्या हातून हे घडेल त्याच्या धक्क्याच्या खांबाला बूड नसलेली बादली टांगण्यात येते, आणि पुढचा विसराळू सापडेपर्यंत ती तिथेच राहते. ती क्लोव्हिसच्या खांबाला सलग दोन वर्षे होती.

"असलं रेडिओवर बोलू नकोस," तो कळवळून म्हणाला. "सगळं बायू ऐकतंय."

"ऐकू दे. तिन्ही जोड्यांनी गाठी सोडा. बादल्या टांगायच्या तर सहा आणा म्हणावं."

दांडे खाली आले. जाळी पाण्यात गेली, आणि जाळ्याचे तोंड फाकवणाऱ्या जड फळ्या त्यांच्यामागे बुडाल्या. 'ला प्रेसे'ला मागून कुणी पदर धरावा तशी ती अडखळली. दोर ताठ झाले. बोटी बाहेर ओढल्या गेल्या, झोळीचे तोंड रुंद उघडले, आणि आम्ही चालू लागलो. खरे तर चालू लागलो असेही म्हणवत नव्हते. बोटीच्या कडेने तरंगणारी एक काडी आमच्या बरोबरीने रेंगाळत होती. ओडीलने सुकाणू दोन्ही हातांनी असे धरले होते की जणू घोडा उधळेल.

"काय दिसतंय?" तिने विचारले.

नोरीनने आपली बोट झोळीमागून एकदा फिरवली. मग म्हणाली, "मागचं पाणी स्वच्छ आहे."

यानंतर रेडिओवर सहा माणसे एकदम बोलली, आणि मी कुणालाही अडवले नाही.

पंपाची बोट झोळीला चिकटली आणि तिची नळी घरघरू लागली. एक झोळी रिकामी झाली, दुसरी भरली. इतर जोड्याही आमच्यासारख्याच जाळी सोडून संथ झाल्या होत्या. मोकळ्या समुद्रावर सहा ट्रॉलर गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांसारखे सरकत होते, आणि त्या जिभेचा लचका तोडला जात होता. अशा वेळी बंदीवर देखरेख करणारा वॉर्डन भरधाव बोट घेऊन आला. हा ग्रोबेकचाच मुलगा, तेरियो. ओडीलच्या हातचे खाऊन वाढलेला.

"मावशी, जाळं पाण्यात आहे."

"आहे."

"बंदी आहे, माहीत आहे ना? मला लायसन्स काढून घ्यावं लागेल."

"खोळ उघडी आहे. मागं जा आणि बघून ये. एक कोळंबी सापडली तर लायसन्स घे, बोट घे, क्लोव्हिसलाही घे."

तेरियो मागे गेला. जाळ्याचा दोर धरून त्याने शेपूट वर ओढले. मोकळी पिशवी पाहून त्याचा चेहरा असा झाला, जणू त्याने एखाद्या वडीलधाऱ्या बाईला अर्धवट कपड्यात पाहिले. तो घाईघाईने परत आला.

"सहाही जणांच्या उघड्या आहेत?"

"सहाही."

"असं मी कधी पाहिलं नाही, मावशी." त्याने टोपी मागे सारली. "मी जरा इथंच थांबतो. नाहीतर दुसरा कुणी वॉर्डन येऊन पकडेल तुम्हाला."

दुपार कलली तेव्हा जिभेचा थोडा भाग उरला होता आणि नेमके तेव्हाच आमचे जाळे अडकले. त्या तळाशी जुन्या, टाकून दिलेल्या नळ्या ठिकठिकाणी पडलेल्या आहेत. बोट डाव्या अंगाला कलली, गोल फिरू लागली, आणि झोळीचे तोंड वाकडे झाले. उरलेले तेल त्या फटीकडे वळले. ओडीलने सुकाणू माझ्या हातात दिले. मी आयुष्यात कधी सुकाणू धरलेले नव्हते.

"सरळ धरा, मास्तर. फळ्यावर रेघ मारता तसं."

तिने कुऱ्हाड उचलली. जाळे नवे होते. अख्खा हिवाळा बसून तिने स्वतः विणले होते. पहिल्या घावात दोर तुटला नाही, दुसऱ्यात तुटला. बोट मोकळी झाली, आणि मोकळी झाल्याबरोबर धावू लागली.

"मागं काळं निघतंय," नोरीन म्हणाली. "मुखाकडं चाललंय."

उजव्या अंगाला दुसरे जाळे होते, पण ते आतल्या बाजूचे. सोडले असते तर बांधात गुंतले असते. ओडील डेकवर मागे धावली. तिथे कालवे खरवडून काढायच्या दोन लोखंडी टोपल्या साखळीने बांधून ठेवलेल्या होत्या. तळावर घासत ओढायच्या त्या, दात असलेल्या आणि अतिशय जड. तिने एक साखळी डाव्या खांबाला अडकवली आणि टोपली पाण्यात ढकलली. मग दुसरी. साखळ्या खडखडत गेल्या, तळाशी दात रुतले, आणि 'ला प्रेसे'ने पुन्हा एकदा मान टाकली.

"आता?"

"आता स्वच्छ." नोरीन म्हणाली. "पण मधे एक पट्टा गेला, ओडील. आत गेला."

ओडीलने मान हलवली आणि सुकाणू परत घेतले. पाणी चढायचे थांबेपर्यंत आम्ही तसेच सरकत राहिलो, आणि ते थांबले तेव्हा आमच्या पुढच्या समुद्रावर लाटा पुन्हा लाटांसारख्या मोडत होत्या. बांध पंपाच्या बोटीच्या हवाली करून तिने नोरीनला आपल्या बोटीवर घेतले आणि 'ला प्रेसे' मुखातून आत वळवली. तेव्हा मात्र वेगाला काही मर्यादा राहिली नाही. क्लोव्हिस आणि तेरियो आमच्या मागे होते.

सालीन खाडीवर संध्याकाळचे ऊन आडवे पसरले होते. उथळ भागातल्या पहिल्या तिरक्या बांधाला तो पट्टा आडवा चिकटून बसलेला दिसला. एका बोटीतली माणसे त्याच्यावर शोषक गाद्या टाकत होती. बांधाच्या आतल्या अंगाला पाणी तपकिरी होते, पण ते आमचे नेहमीचे, नदीच्या गाळाचे तपकिरी. ओडीलने ते पाहिले. त्यावर विश्वास ठेवला असे वाटले नाही. तिने बोट सरळ आपल्या बागेवर नेली, इंजिन बंद केले, आणि लांब दांड्यांचा चिमटा तळाशी घातला. वर आला तो शिंपल्यांचा एक गठ्ठा, जुन्या रिकाम्या शिंपल्यांवर जिवंत कालवे घट्ट बसलेली. तिने त्यातले एक सोडवले आणि सुरीने उघडले.

"काढायला बंदी आहे, मावशी," तेरियो आपल्या बोटीतून म्हणाला. आवाजात जोर नव्हता.

तिने ते कालव नोरीनच्या नाकापुढे धरले. "तुझं नाक तेलाला सरावलंय. सांग."

नोरीनने डोळे मिटून वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. आम्ही चौघे त्या ठेंगण्या बाईच्या तोंडाकडे पाहत होतो.

"मीठ," ती म्हणाली. "चिखल. आणखी काही नाही."

ओडीलने दुसरे उघडले, मग बागेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिसरे. प्रत्येक वेळी नोरीनने वास घेतला आणि तेच दोन शब्द उच्चारले. तिसऱ्यानंतर ओडील बोटीच्या कडेवर बसली आणि तिने तोंड आपल्या हातांत झाकले. क्लोव्हिस उडी मारून आमच्या बोटीवर आला, पण काय करावे हे न सुचल्याने नुसताच शेजारी उभा राहिला.

"वहिनी, तुझं जाळं तळाशी आहे," अखेर तो म्हणाला. "माझं डावं घे. मला एक पुरतं."

"तुझं जाळं भोकांनी भरलेलं असतं." तिने तोंड पुसले. "तरी घेते. उद्याही पाणी सकाळीच चढायला लागेल, आणि बाहेर तेल अजून आहे." मग ती माझ्याकडे वळली. "मास्तर, रेडिओवर सांगा सगळ्यांना. पहाटे मुखाबाहेर जमायचं. खोळी उघड्या ठेवून."

मी रेडिओ उचलला आणि शिस्तीप्रमाणे एकेका बोटीचे नाव घेऊन निरोप सांगू लागलो. दुसरे नाव घेईपर्यंत उरलेल्या चौघांचे होकार एकमेकांत मिसळून आले होते.